वृषालीची पानं आणि माझी पत्री

वृषालीचा बी. फार्मसीला नंबर लागावा म्हणून मी गणपतीपुढं एक नवस बोलले होते. तो नवस फेडताना मीच तिची परीक्षा कशी बुडवायला निघाले होते, ते आज सांगूनच टाकते. आधी चहा घ्या. हे रिकाम्या पोटी ऐकण्यासारखं नाही.

नवस तसा साधा होता. ‘देवा, पोरीला इथंच, गावातल्या कॉलेजात प्रवेश मिळू दे. चतुर्थीला एकवीस पत्री वाहीन, एकही न चुकवता.’ आता हे ‘एकही न चुकवता’ देवानं मागितलं होतं का? नाही. ते माझं मीच जोडलं. नवस बोलताना माझी जीभ अशीच सैल सुटते.

प्रवेश मिळाला. पत्री मिळेना.

तुम्हाला माहीतच आहे, चतुर्थीच्या आदल्या दिवशी बाजारात पत्रीच्या जुड्या येतात. जुडी कसली, विळ्याखाली जे जे आलं ते सगळं दोऱ्यानं बांधलेलं. मी विकणाऱ्याला विचारलं, ‘दादा, यात शमी कुठली?’

‘सब है खाला,’ मला मावशी करून तो म्हणाला, ‘नीचे है, अंदर है.’

‘अहो, हे तर गाजरगवत दिसतंय.’

‘तो ऊपर का निकाल डालो ना.’

अशी दोन वर्षं गेली. बेल, दूर्वा, आघाडा, तुळस आणि दारातली जाई एवढं जमायचं. पुढं गाडी अडायची. आणि मागच्या सेमिस्टरला वृषालीचा एक विषय राहिला. का राहिला, ते मला लगेच कळलं.

आमचे हे म्हणाले, ‘अगं, अभ्यास झाला नाही म्हणून राहिला.’

‘आणि अभ्यास का झाला नाही?’ मी विचारलं. ह्यांनी पेपर तोंडासमोर धरला. आमच्याकडं वाद असाच संपतो.

आता तिसरं वर्ष. ‘आणखी एक विषय राहिला तर वर्ष वाया जाईल,’ असं वृषालीनं स्वतःच सांगितलं होतं. बाकी ही पोरगी काही सांगत नाही. काय शिकवतात विचारलं, की ‘तुला नाही कळणार गं.’ परीक्षा कशाची, तर एक असं नाव घेते की ते म्हणेपर्यंत माझी पोळी करपते. मला आपलं वाटायचं, फार्मसी म्हणजे गोळ्या, बाटल्या, पांढरा कोट. त्यात झाडपाल्याचा एक अख्खा विषय असतो, हे मला कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. हे ध्यानात ठेवा, पुढं मला लागणार आहे.

श्रावणात मी तिला सहज म्हटलं होतं, ‘वृषू, तुमच्या कॉलेजात बाग आहे म्हणतेस. मला थोडी पत्री आणशील का?’

‘आणीन,’ म्हणाली. मोबाइलमधून मान वर न करता. पण म्हणाली.

चतुर्थीच्या सकाळी ती मैत्रिणीकडं अभ्यासाला गेली. दुसऱ्या दिवशी तिचं प्रॅक्टिकल होतं. सणाच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवणाऱ्यांच्या घरी गणपती बसत नाही का, हा प्रश्न मी तेव्हाही विचारला होता. मी दही काढायला फ्रिज उघडला, आणि भाजीच्या खणात एक मोठा डबा दिसला. झाकण काढलं आणि माझे हातच जोडले गेले.

पानं. ताजी, टवटवीत, ओल्या फडक्यावर ओळीनं निजवलेली. रुई, धोतरा, बेल, आघाडा, माका, निर्गुंडी, अर्जुन, डाळिंब. प्रत्येक डहाळीला दोरा, आणि दोऱ्याला चिठ्ठी. चिठ्ठीवर इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं, पण इंग्रजीसारखं वाचायला गेलं तर इंग्रजीही नव्हे. म्हटलं, आजकालच्या मुली, देवाचं करतानासुद्धा किती टापटीप.

सणाला पाचोडहून माझ्या मोठ्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांना हाक मारली. त्यांनी डब्यात डोकावून पाहिलं आणि पदर डोळ्याला लावला.

‘मोबाइलात तोंड खुपसून बसती म्हणून मी हिला नावं ठेवली व्हती. लई गुणाची हाय गं तुझी पोर. आईचा नवस फेडाय डोंगर हिंडली.’

‘बाई, पण शमी दिसत नाही यात. आणि हा अडुळसा पत्रीत कुठं असतो?’

‘नसंल मिळाली शमी. तिच्या बदली घातला असंल अडुळसा. लेकरानं इतकं केलं, आन् तू मोजत बसतीस व्हय?’

मी मोजणं सोडलं. शमी शेजारणीनं यंदाच कुंडीत लावली होती, तिथून आणली, जाई आमच्याच दारात होती. दोघींनी मिळून चिठ्ठ्या काढल्या, दोरे सोडले. चिठ्ठ्या केरात टाकल्या. मग गुरुजी आले, प्रतिष्ठापना झाली, आणि मी एकेक पान पंचामृतात बुडवून, हळदकुंकू लावून देवाला वाहिलं. तीन वर्षांचं ओझं उतरलं हो. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, ‘बघा, आता कशी पास होत नाही ती.’

वृषाली साडेपाचच्या सुमाराला आली. सरळ फ्रिजकडं गेली. मी शौर्यपदक घ्यायला उभं राहावं तशी मागं उभी.

‘आई, डबा कुठंय?’

‘वाहिला,’ मी म्हटलं.

‘काय वाहिला?’

मी तिचे खांदे धरून तिला देवापुढं नेलं. ‘बघ, तुझी पत्री किती शोभतेय.’

ती वाकून एकेक पान बघायला लागली. मला वाटलं, भरून आलं. मग ती हळूच म्हणाली, ‘आई, ते उद्याचे माझे नमुने आहेत.’

एकेकीनं आपली पानं गोळा करून न्यायची. ओळखायची. मग सर सांगतील त्या पानाचा काप काढून काचेच्या पट्टीवर, म्हणजे स्लाइडवर ठेवून मायक्रोस्कोपखाली दाखवायचा. पानं नाहीत तर प्रॅक्टिकल नाही, प्रॅक्टिकल नाही तर विषय गेला. हे सगळं ती मला आता सांगत होती. आता! तीन वर्षांत पहिल्यांदा सविस्तर.

तिनं धोतऱ्याच्या पानाकडं हात नेला आणि मी तो वरच्या वर धरला.

‘वाहिलेलं काढायचं नसतं गं.’

‘आई, माझं वर्ष जाईल.’

‘माझा नवस मोडेल.’

‘नवस कशासाठी बोलली होतीस?’

‘तुझ्या फार्मसीसाठी.’

‘मग?’

हे पेपरामागून हसत होते. मी गुरुजींना फोन लावला. ते उस्मानपुऱ्यात दुसऱ्या कुणाच्या प्रतिष्ठापनेत, मागं झांजा चाललेल्या. मी ओरडून विचारलं, त्यांनी ओरडून उत्तर दिलं, ‘आज काढू नका. उद्या सकाळी पूजेआधी उतरवा, मग ते निर्माल्य.’ आणि ठेवला.

‘सकाळी काढ म्हणाले.’

‘सकाळपर्यंत ती सुकणार. मी आत्ता जाऊन दुसरी आणते. कॉलेजची बाग बंद आहे, पण कोपऱ्यावरच्या काकूंकडं बेल आहे, मैदानात रुई, धोतरा आहे.’ तिनं चपला घातल्या.

तोवर सहा वाजून गेले होते. बाहेर आभाळ भरून अंधारलेलं, घरोघरी दिवे लागलेले. आणि माझ्याच तोंडून निघालं, ‘दिवेलागणीला पानं तोडू नयेत, वृषू. झाडं झोपतात.’

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, असं पाहिलं, की त्या नजरेची स्लाइड करून ठेवली असती तर बरं झालं असतं. जाऊबाईसुद्धा म्हणाल्या, ‘अगं जाऊ दे की तिला.’ पण तेवढ्यात पाऊस असा कोसळला की जाण्याचा प्रश्नच मिटला.

मग वृषालीनं काय करावं? पाट घेतला आणि गणपतीसमोर मांडी घालून बसली. चिठ्ठ्या आम्ही फेकलेल्या, पानं हारांत आणि दूर्वांत अडकलेली, कुठं नुसती देठं बाहेर आलेली. एकेक पान लांबून निरखायची आणि ओठातल्या ओठात नाव पुटपुटायची. चुकली की कपाळावर हात मारून घ्यायची.

आरतीला शेजारच्या चार बायका आल्या. त्या बघतच राहिल्या. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, वृषाली जागची हलेना. एकीनं मला कोपऱ्यात घेऊन विचारलं, ‘वहिनी, ही कुठला जप करते? आमच्या प्रियाला पण द्यायचा होता.’ दुसरी तर वृषालीच्या पाया पडली. मी काय सांगणार? ‘चाललंय आपलं तिचं,’ म्हटलं आणि आणखी खिरापत हातावर ठेवली.

पण मला तिथं उभं राहवेना. स्वयंपाकघरात गेले, ओट्याला टेकले आणि हात जोडले. ‘देवा, हिला एवढी तार. मी पुन्हा नवस बोलणार नाही. कुणासाठी, कशासाठी, कधीच बोलणार नाही.’ बघा, इथंही जीभ सैलच सुटली.

सकाळी अंघोळ करून मी देवावर अक्षता टाकल्या, क्षमा मागितली आणि एकेक पान उतरवलं. आम्ही तिघी नळाखाली पानं धुवायला बसलो. गुळगुळीत पानं निघाली स्वच्छ. पण रुईला लव असते ना, तिच्यात हळदकुंकू असं बसलेलं की जणू झाडालाच तसं उगवलं होतं. जाऊबाई नखानं खरवडायला लागल्या तर वृषालीनं पानच काढून घेतलं. ‘राहू द्या मोठीआई. तुम्ही दोघी आता कशालाच हात लावू नका.’

दुपारी परत आली ती चेहरा कोरा ठेवून. मी विचारायचं धाडस केलं, ‘ओळखली का पानं?’

‘सगळी. चिठ्ठ्या नसताना रात्रभर तोंडपाठ केली होती ना.’

मला जरा हायसं वाटलं. ‘आणि तो काप?’

‘सरांनी नेमकी रुई दिली.’

मी गणपतीकडं बघितलं.

‘त्यांनी मायक्रोस्कोपमध्ये बघितलं, बघितलं, आणि म्हणाले, रुईच्या पानात हे हळदीचे कण कुठून आले? मी म्हटलं, सर, भेसळ आहे. तर म्हणाले, अचूक. कुणी केली?’

‘मग तू काय म्हणालीस?’

‘खरं ते. आईनं.’

जाऊबाई तोंडात पदर धरून आत पळाल्या. हे तर उघड उघड हसत होते.

वृषाली पास झाली. भेसळ ओळखली म्हणून सरांनी शाबासकी दिली, पान नीट धुतलं नाही म्हणून मार्क कापले. आणि ती स्लाइड? ती सरांनी ठेवून घेतली. आता भेसळीचा धडा आला की खालच्या वर्गातल्या मुलांना तीच दाखवतात म्हणे. त्या कॉलेजात मी कधी पाऊल टाकलेलं नाही, पण माझी करणी काचेवर चिकटवून कपाटात ठेवलेली आहे.

असो. झालं ते झालं. पण आता खरी पंचाईत पुढंच आहे. शेवटचं वर्ष बाकी आहे, मागचा राहिलेला विषयही अजून सुटायचाय, आणि मी ओट्याला टेकून शब्द देऊन बसलेय. मला नवस बोलता येत नाही. रोज देवापुढं उभी राहते, तोंड उघडते आणि मिटते. जन्मभराची सवय किती मुरलेली असते, तुम्हाला नाही कळायचं.

म्हणून तुम्हाला चहाला बोलावलं. तुमच्यावर तर काही बंधन नाही ना? मग मी बोलले होते तसाच एक नवस तुम्ही बोला की वृषालीसाठी. साधासाच बोला, तुम्हाला फेडता येईल असा. आणि हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका.