कुपवाडचं माप

घरच्या ग्रुपवर तो व्हिडिओ आला तेव्हा आम्ही साच्यातून पाण्याची टाकी सोडवत होतो. कुपवाडला माझं फायबरचं वर्कशॉप आहे. टाक्या, गोठ्यातल्या गव्हाणी, बाथरूमची दारं असलं काय काय आम्ही बनवतो. काचेची मॅट पसरायची, तिच्यावर पातळ रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर कालवून मारायचं, कडक झालं की साच्यातून काढायचं. त्या वेळी हात मोकळे नसतात. फोन वाजत राहिला आणि मी तो तासाभरानं बघितला. तोवर माझ्या दिरानं चार वेळा एकच वाक्य टाकलं होतं. 'पोरीला आवरा.'

व्हिडिओत माझी मुलगी होती. कराडला इंजिनिअरिंग केलं, मलकापुरात खोली घेऊन चार वर्षं राहिली, मग पवनचक्क्यांच्या कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला पोर्तुगालला पाठवलं. तिथं तिनं लाटेवर उभं राहायला शिकून घेतलं. व्हिडिओत ती काळ्या खडकांपासून पंधरा-वीस हातांवर, एका बोर्डावर गुडघे वाकवून उभी होती आणि तिच्यापेक्षा उंच पाणी तिच्या मागून कोसळत येत होतं. तिनं तो स्वतःच्या स्टेटसला ठेवला होता, तिथून चुलतभावानं उचलून आमच्या ग्रुपवर टाकला.

संध्याकाळी मी आष्ट्याला घरी पोचले तर दीर ओट्यावर बसलेलाच. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस, आवाज अजून परेडचाच.

"वैनी, आमी जीव धोक्यात घातला तो देशासाठी. ही कशासाठी घालतीया?"

"तिला विचारा."

"तुमी आई हाय का कोण हाय?"

माझा नवरा ऊस बघतो आणि भांडणाच्या वेळी फोन बघतो. त्यानं फोनवरची नजर न काढता निकाल दिला. "तू जाऊन बघून ये. तू म्हणशील तसं." 'तू म्हणशील तसं' हे आमच्या घरातलं फार सोयीचं वाक्य आहे. त्याचा अर्थ एवढाच की उद्या काही झालं तर तुझ्या नावावर. वर्कशॉप काढतानाही तो हेच म्हणाला होता.

मार्चअखेर मी गेले. विमानात बसल्यापासून डोकं तापलेलं होतं, दिरावर, नवऱ्यावर आणि मुलीवरही. एवढं करायचंच होतं तर जगाला दाखवायची काय गरज होती?

तो किनारा म्हणजे नुसता कडा. वर वाऱ्यानं आडवी झालेली झुडपं, खाली फुटलेले खडक, उतरायला शेळीला शोभेल अशी वाट. आणि लाट वाळूवर येत नाही. पाण्याखाली खडकाचा एक सपाट कट्टा पसरलेला आहे. खोल समुद्रातून आलेलं पाणी त्या कट्ट्याला अडखळतं आणि भिंतीसारखं उभं राहतं. म्हणून लाट दर वेळी त्याच जागी, त्याच दिशेला फुटते. ज्यांना येतं त्यांना हे फार आवडतं. पडलं तर मात्र खाली खडक, त्यावर शिंपले, आणि पाणी जेमतेम कमरेएवढं.

मी कृष्णेत पोहायला शिकलेली बाई आहे. पाण्यात कोण माज करतंय आणि कोण पाणी बघून वागतंय, हे मला काठावरून कळतं. तीन दिवस मी त्या कड्यावर शाल गुंडाळून बसले. मुलगी आत जाऊन बोर्डावर नुसती बसून राहायची. अर्धा अर्धा तास. मोठ्या लाटा सोडून द्यायची, दुसऱ्यांना जाऊ द्यायची आणि तीन-चारच घ्यायची. घेतली की शेवटपर्यंत न्यायची. माज नव्हता. तिसऱ्या दिवशी मी घरी फोन करून सांगितलं, "मी बघितलंय. तिला कळतंय. आता हा विषय बंद."

"तुमच्या जबाबदारीवर," दीर म्हणाला.

"माझ्याच," मी म्हणाले.

चौथ्या दिवशी बाहेर येताना तिचा बोर्ड खडकाला घासला आणि खालची फिन मुळापासून उखडली. फिन म्हणजे बोर्डाच्या शेपटीखाली उभा बसवलेला पर. तो नसेल तर बोर्ड लाटेवर धरून राहत नाही, आडवा घसरतो. गावात बोर्ड दुरुस्त करणारा एकच म्हातारा. त्याच्याकडे आठवड्याचं काम पडलेलं, आणि चांगल्या लाटा शनिवारपर्यंतच होत्या. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

मी बोर्ड उलटा करून बघितला. आत फोम, वर काचेचं कापड आणि रेझिन. माझंच काम.

"मी बसवते."

"आई, ही टाकी न्हाई."

"टाकीत दोन हजार लिटर पाणी मावतंय. तुझ्या ह्या फळीत काय मावतंय?"

ती हसली. आम्ही त्या म्हाताऱ्याकडून कापड, रेझिन आणि हार्डनर घेतलं. तो मला समजावायला लागला. दोन बोटं वर करून, आभाळाकडे दाखवून, डबीवरचं काहीतरी वाचून दाखवत. मुलगी भाषांतर करत होती, "तो म्हणतोय, हार्डनर जास्त लागेल, रात्री इथं..." मी तिला मध्येच तोडलं. इथं माझी बाजू सांगते, ती खरी आहे. वीस वर्षं मी वर्कशॉप चालवते आणि वीस वर्षं माल घेऊन येणारा प्रत्येक नवा माणूस दारात उभा राहून विचारतो, "मालक कुठं हायत?" मग मलाच रेझिन कसं कालवायचं ते शिकवतो. असल्या माणसांपुढं मान हलवायची आणि ऐकायचं काहीच नाही, ही सवय मी कमावलेली आहे. तिच्यावर माझं वर्कशॉप टिकलंय. म्हाताऱ्यापुढंही मी मान हलवली.

आमच्या शेडमध्ये डबीवरचं कुणी वाचत नाही. सकाळी साच्यावर तळहात ठेवायचा. हाताला ऊब लागली तर किलोला एक टोपण हार्डनर, गार लागला तर दोन. ऊब असताना जास्त पडलं तर रेझिन बादलीतच दगड होतं आणि दिवस वाया. त्यामुळं आमच्याकडची चूक जास्तीची असते, कमीची नसते. मी बोर्डावर हात ठेवला. दुपारभर अंगणातल्या उन्हात पडलेला, छान ऊबदार. त्या हिशेबानं बेतानंच हार्डनर घातलं, कापडाचे चार थर दिले, फिन सरळ बसवली. काम देखणं झालं. म्हाताऱ्याला दाखवावं इतकं.

पण कुपवाडला मार्चमध्ये पत्र्याची शेड रात्रभर तापलेली राहते. तिथं संध्याकाळी ऊन गेलं आणि बोर्ड ठेवला होता त्या मुलीच्या घराच्या गॅरेजमध्ये श्वासाची वाफ दिसायला लागली. मला ती दिसली. मी शालीचं दुसरं टोक ओढून घेतलं आणि चहा करायला आत गेले.

शनिवारी सकाळी मुलगी बोर्ड घेऊन माझ्यापुढं उभी राहिली.

"झालंय का?"

सकाळपासून तो परत उन्हात होता. मी बोटाच्या पेरानं वाजवून बघितलं, नख लावून बघितलं. वरून कडक.

"झालंय. जा."

पहिली लाट तिनं नीट घेतली. दुसऱ्या लाटेवर ती वळली तेव्हा बोर्डाची शेपटी मागून कुणी लाथ मारावी तशी निघून गेली. ती पाठीवर पडली आणि वरून ती भिंत कोसळली. मी कड्यावरून बघत होते. पाणी पांढरं झालं, मग कट्ट्यावरून ओसरलं आणि खडक उघडा पडला, आणि त्या खडकावरून माझी पोर पोत्यासारखी ओढली जात होती. तिच्या पायाला दोरीनं बांधलेला बोर्ड तिला ओढत होता. मी खाली उतरायला लागले, दोनदा बसकण मारली, आणि खाली पोचेपर्यंत पाण्यातल्याच दुसऱ्या एका बाईनं तिला बाजूच्या खोल पाण्यातून काठाला आणलं होतं. पाठीवरचा रबरी सूट फाटला होता आणि खालची कातडीही.

दवाखान्यात अकरा टाके पडले. हाड वाचलं.

तिला झोपवून मी गॅरेजमध्ये गेले. लोकांनी बोर्ड आणून भिंतीला लावला होता. सगळ्यांचं मत असं की पडल्यावर खडक लागून फिन तुटली. मी फिन होती ती जागा बघितली. वर करकरीत पापुद्रा आणि आत चिकट, ओला लगदा. बोट लावलं तर बोटाला आला. कच्च्या रेझिनचा वास तर दारापर्यंत येत होता. खडकानं काही तोडलं नव्हतं. फिन बसलीच नव्हती. हे त्या गावात दोनच माणसांना कळलं असतं, त्यातला म्हातारा तिथं नव्हता.

मी बोट फडक्याला पुसलं आणि कुणालाही काही सांगितलं नाही. दोन दिवस. लाज म्हणा, पण मला तेव्हा ती लाज वाटत नव्हती, संताप वाटत होता. म्हाताऱ्यावर, की त्यानं माझ्या हातातून डबी काढून का घेतली नाही. पोरीवर, की तिनं भाषांतर पूर्ण का केलं नाही. त्या गावावर, की मार्चमध्ये दुपारी एक हवा आणि रात्री दुसरीच. मी भांडी घासली, तिचं ड्रेसिंग बदललं, भात लावला, आणि प्रत्येक गोष्ट आदळत केली. तिला वाटलं मी तिच्यावर चिडलेय.

ती पालथी पडून एकच बोलत राहायची. "पाय मागं पडला असणार. न्हाईतर वजन पुढं गेलं. आई, तू वरून बघितलंस ना, पाय कुठं होता माझा?"

"मला काय कळतंय त्यातलं," मी म्हणायची.

ग्रुपवर बातमी गेली होतीच. सोमवारी दुपारी आष्ट्याहून व्हिडिओ कॉल आला. नवरा, दीर, जाऊ, सगळे एका पलंगावर बसलेले, जणू पंचायत.

"मग?" दीर म्हणाला. "कुणाला कळतंय म्हणत हुता, वैनी?"

मी काही बोलायच्या आत मुलगीच बोलली. पालथी होती, फोनकडे मान वळवून. "काका, माझंच चुकलं. मला ती लाट समजली न्हाई. वाटत हुतं समजतंय, पण न्हाई समजत. आईला बोलू नका."

"मग ये परत."

ती गप्प राहिली. माझी मुलगी आयुष्यात कधी अशी गप्प राहिलेली नाही. तिच्या काकानं लग्नाचं विचारलं तेव्हा नाही, मी पोर्तुगालला नको म्हणाले तेव्हाही नाही. मग म्हणाली, "बघते. येईन."

नवरा म्हणाला, "तिकीट काढू का दोघींचं?"

मी फोन तिच्यापुढून उचलून माझ्या तोंडापुढं धरला.

"तिचं काही चुकलं न्हाई. फिन मी बसवली हुती. हार्डनर कमी पडलं. आतनं कच्चं राहिलं हुतं, त्यानं ती निघाली. तिनं मला इचारलं झालंय का, मी म्हटलं झालंय. लाट तिला कळती. मला काम कळलं न्हाई."

 मग दीर सावकाश हसला. या संधीची तो वीस वर्षं वाट बघत होता, त्याला दोष देत नाही.

"म्हंजे वैनी, गावभर टाक्या इकताय आन् एक पर चिटकवता आला न्हाई?"

"न्हाई आला."

"आवं, मग त्या टाक्यांचं काय समजायचं लोकांनी?"

नवरा हळूच म्हणाला, "हे बाहेर नको बोलूस. ऑर्डरी जातील."

"जाऊ देत," मी म्हणाले. "आन् भावजी, ग्रुपवर तुमी चार वेळा टाकलं हुतं पोरीला आवरा. आता चार वेळा टाका की चूक वैनीची हाय. पोरीची न्हाई. मला वाचायचंय."

फोन ठेवला. वळले तर मुलगी कोपरावर उठून माझ्याकडे बघत होती. टाके ओढत असणार, पण तिला त्याचं भान नव्हतं.

"कवा कळलं तुला?"

"शनिवारी."

"आज सोमवार हाय."

"व्हय."

"मी दोन दिवस डोळं मिटलं की तीच लाट बघतीया. पाय कुठं ठेवला, कुठं ठेवला. तुला इचारतीया. आन् तू भांडी आपटत हुतीस?"

 चूक झाली एवढं मी म्हणाले असते, पण ते तर सगळ्यांपुढं म्हणून झालं होतं आणि तिला ते नको होतं. तिनं तोंड भिंतीकडे केलं. तिचा राग खरा होता. माझ्याकडे तोवर जो होता त्यातला निम्मा खोटा होता, हे मला तेव्हा कळलं.

संध्याकाळी ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "बोर्ड त्या म्हाताऱ्याकडं दे. तू हात लावू नकोस."

मी बोर्ड डोक्यावर घेऊन चालत गावात गेले. वाऱ्यानं तो दोनदा फिरवला. म्हाताऱ्यानं ती चिकट जागा बघितली, वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.  लगदा खरवडायला त्यानं पातं घेतलं. मी तिथंच स्टुलावर बसले आणि तो कसं करतो ते शेवटपर्यंत बघितलं.

दिरानं ग्रुपवर काही टाकलं नाही. टाकणार नव्हताच. परतीचं तिकीट मात्र माझ्या एकटीचं निघालं. विमानतळापर्यंत बसमध्ये मुलगी माझ्याशी कामापुरतंच बोलली. पासपोर्ट घेतलास का, पाणी घे, गेट बघ. मी तेवढ्यावर भागवलं.