कोकरटेकडीवरचा झोन

तानूबाईला इंग्रजीतला एकच शब्द पक्का कळायचा, आणि तो कानावर पडला की ती हातातलं काम सोडून कान टवकारायची. झोन. मुळशीत हा शब्द शाळेचं तोंड न पाहिलेल्यांनाही येतो. तिचं माहेर मुळशीतल्याच चांदे गावचं. तिथला हिरवा झोन, म्हणजे शेती-कुरणाचा, एके दिवशी नकाशावर पिवळा, म्हणजे घरं बांधायचा झाला, आणि जिथे तिच्या भावाची मेंढरं चरायची तिथे तीन वर्षांत बावीस मजले चढले. भाऊ आता त्याच इमारतीच्या फाटकावर शिट्टी घेऊन बसतो. त्याला आत जायचं तर वहीत नाव लिहावं लागतं.

तशी बाई मुळातच संशयी. स्वतःच्या शेळीचं दूधसुद्धा बोट बुडवून बघायची. नवरा सिद्धू चिडून म्हणायचा, "अगं, शेळीवर बी इस्वास न्हाई व्हय तुजा?"

"शेळीवर हाय. धार तुमी काढलीया," ती म्हणायची.

गेली दोन वर्षं ती धरणाच्या काठावरच्या प्रशिक्षण केंद्रात भाकऱ्या थापायला जात होती. तिथे गरीब देशांचे सरकारी अधिकारी शिष्यवृत्तीवर महिनाभर शिकायला यायचे. कुणी आफ्रिकेतले, कुणी दूरच्या बेटांवरचे. काय शिकतात, हे तिने पिरंगुटच्या कैलासला विचारून घेतलं होतं. कैलास केंद्राची गाडी चालवायचा आणि हिंजवडीच्या साहेबांची ने-आण करता करता इंग्रजी उचलून बसला होता.

"समुद्राचा कारभार शिकत्यात, मावशी. कुनाचं पानी कुटपतूर, मासं कुनी धरायचं, हद्द कशी आखायची."

"आन् हितं समुद्र कुटं हाय?"

कैलास नुसता हसला. तानूबाईला ते हसणं मुळीच आवडलं नाही. समुद्र शिकायचा तर माणूस ताम्हिणी उतरून कोकणात जाईल, धरणाच्या पाण्याशी कशाला येईल? यात काहीतरी काळंबेरं होतं, आणि ते ती शोधून काढणार होती.

दिवाळी होऊन गेली होती, धरण अजून तुडुंब होतं. सकाळी चहाचा ट्रे घेऊन ती वर्गात शिरली, तर सगळे एका मोठ्या नकाशावर वाकलेले. फुलाफुलांचा झगा घातलेली एक उंच बाई एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाली, "झोन." दुसऱ्याने मान हलवली. "झोन, झोन." खिडकीतून समोर जे दिसत होतं तेच नकाशावर होतं, एवढं कळायला अक्षरओळख लागत नव्हती. बाईचं बोट कोकरटेकडीवर होतं.

पाऊस सरला की कोकरटेकडीच्या तीन अंगांना पाणी असतं आणि चौथ्या अंगाला गुडघाभर पाण्यातली वाट. सिद्धूच्या आज्यापासून मेंढरं तिथेच बसायची. सातबारा नाही, कागदाचा चिटोरा नाही. ती टेकडी गेली तर बेचाळीस मेंढरं चारायची कुठे? कळप खाटकाला देऊन मोकळं व्हायचं आणि नवऱ्यालाही कुठल्यातरी फाटकावर बसवायचं, एवढंच उरत होतं.

दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिला टेकडीवर लाल झेंड्या दिसल्या. चांद्याला मोजणीच्या आधी अशाच झेंड्या लागल्या होत्या. तिने भाकरीचं पीठ परातीत तसंच टाकलं, लुगडं खोचलं आणि पाणी तुडवत टेकडी गाठली. अकराच्या अकरा झेंड्या उपटल्या, काखेत मारल्या आणि ओल्या पायांनी थेट वर्गात जाऊन टेबलावर आपटल्या.

"कुनाला इचारून रोवल्या?"

अधिकाऱ्यांना तिची भाषा कळेना. कैलासला बोलावणं गेलं. तो आला, झेंड्या बघितल्या आणि पोट धरून हसला.

"मावशी, खेळ हाय ह्यो. धरान म्हंजी समुद्र. ह्या काठाला एक देस, त्या काठाला दुसरा. मदी आपली टेकडी. कुनाचा झोन कुटपतूर, ते कागदावर काढायचं."

तानूबाई हसली नाही. "मंग टेकडी कुनाच्या वाट्याला आली?"

कैलासने उंच बाईला विचारलं. ती जरा घुटमळली, मग सावकाश बोलली.

"कुनाच्याच न्हाई," कैलास म्हणाला. "त्यांच्या कायद्यात जितं मानूस ऱ्हाऊ शकतो, चूल पेटती, ते बेट. त्याला मोठा झोन मिळतो. बाकीचा नुसता खडक. नकाशात लिवलंय, हितं कुनाचा वावर न्हाई. म्हून खडक."

"कुनी लिवलं?"

वर्ग घेणारे चंद्रकांत सर गलका ऐकून नुकतेच दारात आले होते, ते पुढे झाले. पुण्याचे, मऊ बोलणारे. "आम्ही नाही हो लिहिलं, मावशी. नकाशा आयताच मिळाला. पिरंगुटच्या एका कंपनीने गेल्याच महिन्यात ड्रोन उडवून मोजणी केली होती, त्यांच्याकडून आम्ही..." आणि सर मधेच थांबले.

"कंपनीला आमची टेकडी कशापायी मोजायची व्हती?"

कैलासचं हसू कुठल्या कुठे गेलं. इतका वेळ तानूबाईला राग होता, आता खरीखुरी भीती वाटली. उंच बाईने कैलासकडून सगळं समजून घेतलं आणि जवळ येऊन काही म्हणाली. कैलासने ते मराठीत सांगितलं, "त्यांच्या बेटावर बी आदी नकाशाच आला व्हता, म्हनत्यात." उंच बाईच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं आहे का, हे तानूबाईने तेवढ्यातही निरखून घेतलं. खरं होतं.

दुसऱ्या दिवशी केंद्रात भाकऱ्या झाल्या नाहीत. तानूबाई आणि कुरकुरणारा सिद्धू तीन धोंडे, तवा, पातेली, घोंगड्या डोक्यावर घेऊन टेकडीवर गेले. उन्हं वर येईतो चूल पेटली. ओली लाकडं, धूर भलताच झाला.

कैलास पँट दुमडून पाण्यातून धावत आला. "मावशी, अवं त्यो समुद्राचा कायदा हाय! हितं कोन मानतंय त्याला?"

"नका मानू," तानूबाई फुंकणीवरून तोंड उचलत म्हणाली. "पन फिरून मोजाया आलं, तर आता त्यास्नी आमचीबी मोजनी करावी लागंल."