सरांचे यंत्र आणि वहिनींचा हात

सर गेले तो सोमवार होता. शाळा भरली होती. दुसऱ्या तासाला शिपाई माझ्या वर्गाच्या दाराशी आला आणि म्हणाला, "सायन्सचे सर गेले." मी खडू खाली ठेवला. मुलांना घरी सोडण्यात आले.

तेव्हापासून त्यांचा एक शब्द माझ्या कानात राहिला आहे. "इरली." कन्नडमध्ये याचा अर्थ 'असू दे'. प्रयोग फसला, फ्यूज उडाला, कुणी परीक्षानळी फोडली, की सर चष्मा कपाळावर सरकवायचे, डोळे चोळायचे आणि म्हणायचे, "इरली. पुन्हा पहिल्यापासून बघू की." चष्मा वर-खाली होताना कपाळावरची विभूती पुसली जायची. ती किती उरली आहे यावरून मुले आज सरांचे किती प्रयोग फसले ते ओळखायची.

असे शिक्षक तुम्हीही पाहिले असतील. बंद पडलेले घड्याळ त्यांच्या हाती दिले तर ते दुरुस्त होईलच असे नाही, पण ते का बंद पडले हे कळल्याशिवाय परत मिळणार नाही. सर मूळचे अक्कलकोटकडचे. भाऊ भुसार मालाच्या दुकानात बसले, हे शिकले आणि सोलापुरात आमच्या शाळेत विज्ञान शिकवायला लागले. माझे घर त्यांच्यापासून दोन दारांवर. मी मराठी शिकवतो म्हणून ते मला 'मराठीवाले' म्हणत. गल्लीतली वीज गेली की दारात येऊन सांगायचे, "तुमचं बरं आहे, मराठीवाले. व्याकरणाला लाइट लागत नाही."

सत्तरचे दशक संपत आले होते. कॉम्प्युटर ही वस्तू आम्ही वर्तमानपत्रातच वाचलेली. मुंबईला कुठल्याशा कचेरीत ती अख्खी खोली व्यापून असते, एवढेच ऐकून होतो. वहिनींचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, भाचा बंगळुरूला इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यात नोकरीला होता. त्याने मावशीच्या नवऱ्याची हौस ओळखून थोडे थोडे सुटे भाग पाठवले. सरांनी ते घरी बसून जोडले. सुताराकडून प्लायवूडची चौकट करून घेतली, जुन्या रेडिओतला ट्रान्सफॉर्मर बसवला. ओळीने लाल दिवे, त्यांच्याखाली ओळीने बटने, वरच्या कोपऱ्यात आकडे दिसायची चिमुकली खिडकी.

दिवे डावीकडून उजवीकडे पळायला लागले तेव्हा गल्ली बघायला लोटली. शेजारी यंत्रमाग चालवणारे तेलुगू गृहस्थ होते. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "सर, एवढं तर आमच्या लग्नातल्या लाइटच्या माळेला बी येतंय की." सगळ्यांत जास्त सर हसले.

मला त्यांनी नंतर समजावून सांगितले. हे यंत्र अजून तान्हे आहे, बंद केले की सगळे विसरते. दर वेळी बटने दाबून त्याला एकेक अक्षर भरवावे लागते. सूचनांचा एक मुख्य कार्यक्रम त्याच्या पोटात नीट बसला, की मग ते आपले ऐकायला लागेल. तो कार्यक्रम भाचा आवाजाच्या रूपात कॅसेटवर भरून पाठवणार होता. "तोवर आपली नुसती लग्नातली माळ," ते म्हणाले.

आता वहिनींविषयी सांगायला हवे, कारण यापुढची गोष्ट यंत्राची कमी आणि त्यांची जास्त आहे.

वहिनींची दोन मुले जन्मून राहिली नाहीत. सासूबाई म्हणाल्या, हिच्या हाताला यश नाही. सासूबाई जाऊन कितीतरी वर्षे झाली, पण ते वाक्य घरात राहिले. वहिनी कशाचाही आरंभ स्वतःच्या हाताने करत नसत. लोणच्याच्या कैऱ्या चिरायच्या, पण मीठ दुसरे कुणीतरी घालायचे. संध्याकाळी कोमट दुधाचे पातेले पदराखाली धरून त्या आमच्याकडे यायच्या आणि माझी बायको त्यात विरजण घालायची. कुणी कुणाला काही विचारत नसे. सर हे सगळे पाहायचे.

त्या वर्षी खंडेनवमीला सरांनी पक्कड, तारांच्या जोडांना कथलाचा डाग द्यायची इस्त्री, पाने अशी सारी हत्यारे पाटावर मांडली. शेजारी यंत्र ठेवले. दरवर्षी पूजा ते स्वतः करत. या वेळी खुर्चीत बसून राहिले आणि म्हणाले, "यंदा तू कर." वहिनींनी नको म्हटले. घरात दोघे कन्नड बोलत, माझ्यासमोर मात्र मराठी, आणि वाद झाला की पुन्हा कन्नड. त्या दिवशी बरेच कन्नड झाले. शेवटी सर मराठीत म्हणाले, "भाचा तुझा. मशीन तुझ्या माहेरचं. मी मधी कोण?"

वहिनींनी पूजा केली. चौकटीवर ओल्या विभूतीची बोटे ओढली, हळदकुंकू वाहिले, फूल पाण्यात बुडवून शिंपडले. मी प्रसादासाठी थांबलो होतो. यंत्राला अजून झाकण केलेले नव्हते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच मनात आले नाही.

दिवाळीनंतर कॅसेट आली. सरांनी टेपरेकॉर्डर जोडला. शेतातल्या रातकिड्यांसारखी किरकिर सुरू झाली, दिवे त्या तालावर लुकलुकले आणि मध्येच सगळे जागच्या जागी थिजले. "इरली," सर म्हणाले. पुन्हा लावले. पुन्हा तिथेच थिजले.

मग रविवारमागून रविवार तेच. सरांनी टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसले. दुसऱ्याचा टेपरेकॉर्डर मागून आणला. भाच्याकडून दुसरी कॅसेट मागवली. माग चालू असले की गल्लीतला विजेचा दाब खाली जातो, म्हणून शेजाऱ्यांना विनवले. त्यांनी जेवणाच्या वेळी माग थांबवायचे कबूल केले. "मी भाकरी खातोय तोवर तुमचं उरकून घ्या," असे म्हणाले आणि दुसऱ्यांदा भात वाढून घेत मुद्दाम सावकाश जेवले. माग थांबल्यावर गल्ली इतकी शांत झाली, की कुणाच्या घरात फोडणी पडली तेही ऐकू आले. यंत्र तिथेच अडले.

आधी वहिनी चहा घेऊन दाराशी यायच्या आणि विचारायच्या, "आयतु?" झाले का? हळूहळू विचारणे थांबले. मग दाराशी येणेही थांबले. एका संध्याकाळी दुधाचे पातेले घेऊन आल्या तेव्हा मी ओसरीवर होतो. खाली बघत म्हणाल्या, "भावजी, पूजा माझ्या हातानं झाली. त्यानं तर न्हाय ना अडलं?"

मी पातेले आत नेऊन बायकोच्या हाती दिले. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितले. त्यांनी चष्मा काढला.

"कारण सापडलंच पाहिजे, मराठीवाले," ते म्हणाले. "टेप निघू दे, लाइट निघू दे, माझी चूक निघू दे. काहीही निघू दे."

त्यानंतर ते यंत्राच्या हौसेने बसत नसत. दिवसभर शाळा, मग उत्तरपत्रिका, मग ती पेटी. डोळ्यांखाली काळे आले. 'इरली' म्हणायचे, पण 'पहिल्यापासून' म्हणताना आवाज उरायचा नाही.

एका रविवारी दुपारी वहिनी मागच्या पडवीत ज्वारी पाखडत होत्या. सरांनी पातळ पात्याने मागच्या रांगेतली एक चिप उचकटून काढली आणि तिच्या खोबणीवर भिंग धरले. मग भिंग माझ्या हातात दिले.

खोबणीच्या बारीक पायांमध्ये राखाडी खरपुडी बसली होती. कडेला पिवळसर. विभूती आणि हळदीचे पाणी ओघळून आत गेले होते आणि तिथेच वाळले होते. माझ्यासारख्या मराठीच्या मास्तरालाही ते समजले.

सर खाली बसले. पडवीतून सुपाचा आवाज येत होता.

"मीच करायला लावली पूजा," ते म्हणाले. आणि भिंग परत घेत, "हे तुम्ही बघितलं नाही."

त्यांनी दात घासायच्या ब्रशाने आणि स्पिरिटने खोबणी साफ केली, वाळू दिली, चिप परत बसवली. मळलेला कापूस सदऱ्याच्या खिशात घातला. मग वहिनींना हाक मारली. त्या आल्या, पण उंबऱ्याच्या पलीकडेच उभ्या राहिल्या. सर म्हणाले, चूक सापडली, एका तारेचा डाग कच्चा राहिला होता.

"कुणी दिलेला?" वहिनींनी विचारले.

"मी. दुसरं कोण? आता बटन तू दाब. माझ्या हाताला यश नाही."

सासूबाईंचे वाक्य त्यांनी असे स्वतःवर घेतले. वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग पदराला हात पुसून आत आल्या आणि बटन दाबले. किरकिर सुरू झाली. थिजायची जागा आली आणि गेली. शेवटी सगळे दिवे विझले आणि कोपऱ्यातल्या खिडकीत एक आडवी रेघ उमटली.

"एवढंच?" वहिनी म्हणाल्या.

"एवढंच. आता ते आपण काय सांगतो याची वाट बघायलंय."

त्या संध्याकाळी माझ्या बायकोने विरजणासाठी ताकाची वाटी काढून ठेवली होती. वहिनी आल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही आल्या नाहीत.

सरांनी पुढे त्या यंत्रावर चाचणीच्या गुणांच्या बेरजा केल्या. हाताने केल्या असत्या तर लवकर झाल्या असत्या, असे मी म्हणालो. ते म्हणाले, "खरं आहे. पण मग तुम्ही बघायला आला नसता." शाळेचे ते वर्षही पुरे झाले नव्हते, तोच तो सोमवार आला. शाळेला निघताना पायात चपला घालायला वाकले, ते उठले नाहीत.

माती झाल्यावर काही दिवसांनी मी वहिनींना भेटायला गेलो. भाचा यंत्र बंगळुरूला नेण्यासाठी पोत्यात बांधत होता. वहिनी ते बघत बसल्या होत्या. तो दोरी आणायला बाहेर गेला तेव्हा त्यांनी विचारले, "भावजी, मशीन माझ्या हातानं चाललं म्हणायचे ते. खरं का?"

"खरं आहे, वहिनी."

त्यांनी मान हलवली.

वहिनी कन्नड शाळेत शिकल्या. मराठी बोलतात, पण वाचता येत नाही. म्हणून हे लिहिता आले. त्या दुपारी भिंगातून पाहणारे आम्ही दोघे होतो. आता मी आहे.