पाठवते कुणाला तरी

हॉटेलातले सगळे तिला हॅलोबाई म्हणायचे. टेलिफोनच्या खोलीत तिची अर्धी हयात गेली होती. पाहुण्याच्या सुरावरूनच तिला कळायचं, याला चहा हवाय की नुसतं बोलायला माणूस. नवरा चेष्टा करायचा, सगळा गोडवा तिकडेच सांडून येतेस, घरी नुसती कुकरची शिट्टी.

नवे मॅनेजर आले आणि त्यांनी तिचा आवाज मागितला. फोन यंत्र घेईल, पण बोलेल तुमच्याच आवाजात, असं त्यांनी समजावलं. ती हरखली. बंद खोलीत बसून तिनं वाक्यांमागून वाक्यं म्हटली. "काळजी करू नका, मी लगेच पाठवते कुणाला तरी," हे तर त्यांनी पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं. अजून धीर येऊ द्या आवाजात, म्हणाले.

यंत्र सुरू झालं आणि तिची बदली चादरींच्या खोलीत झाली. तक्रारी घटल्या, मॅनेजर खूश. पण मजल्यावरून जाताना बंद दारांआडून तिला स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. ती थबकायची. आत आपण कुणाला काय कबूल करतोय, कोण जाणे.

एका दुपारी चादरी बदलायला तिनं दार उघडलं. दरवर्षी येणारे म्हातारे वकील पलंगाशेजारी जमिनीवर पडले होते, तोंड वाकडं झालेलं. छातीवरच्या रिसीव्हरमधून तिचाच आवाज त्यांना धीर देत होता. तिनं हाका मारून माणसं गोळा केली.

वकील वाचले, पण उजवा हात लुळा पडला. ती भेटायला गेली तेव्हा ते अडखळत म्हणाले, "सरपटत दारापर्यंत गेलो असतो. पण तुम्ही म्हणालात ना, पाठवते. म्हणून थांबलो."

ती मी नव्हते, हे सांगायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवशी ती मॅनेजरांपुढे उभी राहिली. माणूस वाईट नव्हता. निरोप नोंदला गेला, पण पाठवायला मजल्यावर कुणी ठेवलंच नव्हतं, हे त्यांनी मान्य केलं. यंत्रातून तिचा आवाज काढून टाकणं मात्र त्यांच्या हातात उरलं नव्हतं. यंत्राच्या कंपनीनं तो आणखी हॉटेलांना दिला होता, एका हॉस्पिटललाही.

"निदान ते वाक्य तरी काढा," ती म्हणाली.

"बाई, लोकांना तेच तर सगळ्यात आवडतं."

तिनं नोकरी सोडली. आता ती एका शिवणाच्या दुकानात काजं-बटणं करते. कपडे कधी मिळतील असं गिऱ्हाईकानं विचारलं, की मान वर न करता मालकिणीकडे बोट दाखवते.