शेजाऱ्याची बाटली

नळी पुन्हा निळीच राहिली. महबूबचाचांच्या लघवीत साखर नव्हती. पण पायावर बोट दाबलं की खड्डा पडत होता, आणि ब्लडप्रेशर वाढलेलं होतं.

एकोणीसशे साठच्या सुमाराची गोष्ट. मुकुटबनच्या बाजूला एका दवाखान्यात मी एकटाच डॉक्टर होतो. शुगर तपासायची रीत साधी. निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवायची. साखर असली की रंग हिरवा, पिवळा, विटकरी होत जातो. चाचा शिवणयंत्रं दुरुस्त करत. त्यांचा डायबेटिस मीच पकडला होता. तेव्हा नळी विटकरी झाली होती. मग गोळ्या सुरू केल्या. दर आठवड्याला ते घरून बाटली आणत आणि नळी निळी. मी गोळ्यांवर खूश होतो.

त्या दिवशी मात्र पायाची सूज पाहून शंका आली. म्हणालो, "चाचा, आज इथंच लघवी द्या."

"आता होत नाही, साहेब."

"मी थांबतो."

अर्ध्या तासाने नळी विटकरी झाली. दुसऱ्या नळीत नुसती लघवी तापवली, तर पांढरा गढूळपणा आला. म्हणजे अल्ब्युमिन, शरीरातलं प्रथिन, बाहेर चाललं होतं. किडनी गळू लागली होती.

"बाटली कोणाची होती?"

"शेजारच्या गणपतची."

"काहून?" मीही आता तिथलंच बोलायला लागलो होतो.

"लाल दिसली असती तं तुमी मले नागपूरले धाडलं असतं. तिथं माह्यापाशी कोण बसन? बायको गेली. पोरगी हैदराबादले. इथं मेलो तं निदान लोक ओळखतीन."

गेल्या महिन्यात मी तापाने पडलो होतो. तीन दिवस क्वार्टरची कडी कोणी वाजवली नव्हती.

"नागपूरला नाही पाठवत," मी म्हणालो. "पण बाटली खरी हवी. गूळ, लोणचं, बिडी बंद. शुगर आणि प्रेशर ताब्यात राहिलं तर किडनी, हार्ट जास्त दिवस टिकतील. गेलेलं मात्र परत येणार नाही."

"लोणच्याबिना एकट्यानं भाकर जात नाही, साहेब."

"मग इकडं या. मीही एकटाच जेवतो."

ते रोज येऊ लागले. आम्ही अळणी भाजी खात असू, फारसं न बोलता. दोन महिन्यांत सूज उतरली, प्रेशर खाली आलं. नळीतला गढूळपणा कमी झाला, पण पुरता गेला नाही.

चाचा आणखी चार वर्षं काम करत राहिले. मग हार्टने गेले. माझी तोवर बदली झाली होती. मला पोस्टकार्डानं कळलं, तेही पंधरा दिवसांनी.

तेव्हापासून मी लघवी दवाखान्यातच घेतो. आणि त्याआधी विचारतो, घरी कोण कोण असतं.