सहाची बावीस कार्डं

"पाणी नंतर. आधी जागा दाखवा."

चारकोपच्या आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात कुणाला इजा झाली की विमा कंपनीकडून एक साहेब यायचे आणि दारातच हे वाक्य टाकायचे. इजा कामामुळे झाली की नाही, याचा तपास त्यांच्याकडे असे. काखेत रेक्झिनची बॅग, कपाळाला कायमची आठी. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हीही आमच्यासारखेच दोन पावलं मागे सरकला असता.

जागेवर गेले की हात कुठे होता, पाय कुठे होता, सगळं स्वतः करून बघायचे. कॅन्टीनबाहेर घसरलेल्या एका माणसाचा तपास करताना स्वतःच दाणकन आपटले. आम्ही उचलायला धावलो, तर बसल्याबसल्या पेन काढून म्हणाले, "थांबा, लिहून घेऊ दे. जागा निसरडी आहे." आम्ही आठवडाभर हसत होतो.

मग सावंतबाईंचा अपघात झाला. सुट्टी सहाची. सव्वासहाला प्रेस मशीन पुसताना त्यांच्या उजव्या हाताची तीन बोटं चिरडली. मालक म्हणाले, कार्डावर सहाला बाहेर पडल्याची वेळ आहे, नंतर त्या कशाला थांबल्या ते त्यांनाच विचारा. हे मान्य झालं तर बाईंना भरपाई मिळणार नव्हती.

साहेब हातात फडकं घेऊन बराच वेळ प्रेससमोर उभे राहिले. मग माझ्या टेबलाशी आले. मी तिथला टाइमकीपर. त्यांनी त्या दिवसाची कार्डं मागितली.

"बावीस माणसं एका मिनिटात बाहेर पडली? रांग नाय लागली रे?"

आमच्याकडची रीतच तशी होती. सहाला मी सगळी कार्डं एकगठ्ठा पंच करायचो आणि बायका त्यानंतर मशीन पुसून घरी जायच्या. रांग टळते म्हणून त्या खूश, ओव्हरटाइम टळतो म्हणून मालक खूश, आणि सगळे खूश म्हणून मी.

"तूच पंच केलीस ना? दोन ओळी लिहून दे."

"आठवत नाही, साहेब."

नोकरी जाईल ही भीती, बाकी काही नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "आठवलं की ये," एवढंच म्हणाले आणि पाणी न पिताच गेले.

सात महिन्यांनी सावंतबाई लॉकरची चावी परत करायला आल्या. रजिस्टरमध्ये डाव्या हाताने सही करत होत्या. नुसत्या 'सा'लाच किती वेळ लागला. माझा चेहरा बघून म्हणाल्या, "तू कित्याक वायट वाटून घेतंस? तुझी काय चूक?"

त्या रात्री मला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी रजा टाकून विमा कंपनीच्या अंधेरीच्या ऑफिसात गेलो. साहेबांच्या जागेवर एक तरुण बाई बसल्या होत्या.

"साहेब आहेत?"

"ते वारले. दिवाळीच्या आधी, हार्ट अटॅक आला."

सावंतबाईंचं नाव सांगितल्यावर त्यांनी फाइल काढली. ती केव्हाच बंद झाली असणार, असं मी धरून चाललो होतो. शेवटच्या पानावर साहेबांचं अक्षर होतं: 'टाइमकीपर येईल. फाइल बंद करू नये.' खाली दर महिन्याची तारीख आणि तारखेपुढे एकच शब्द, 'थांबावे'. दिवाळीच्या आदल्या महिन्यापर्यंत.

मला पुढचं दिसेना. बाईंनी ग्लास पुढे सरकवला.

"पाणी नंतर," मी म्हणालो. "आधी कागद द्या."