इंजनाला लावलेला कौल

आमच्या घरात बीड वितळवणारा एक होता आणि बीड वाचवणारा एक, आणि दोघं एकाच आईच्या पोटचे. वितळवणारा माझा थोरला भाऊ, अण्णा. उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत तो साचे करणारा मोल्डर होता. जुनं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, दिसलं की त्याला त्यात नव्या पंपाची झाकणं दिसायची. वाचवणारा मी. उद्यमबागेतच दुसऱ्या एका कारखान्यात मी लेथवर होतो, आणि जुनं इंजन दिसलं की मला जेवणाच्या पंगतीत बसल्यासारखं वाटायचं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. गावोगावच्या विहिरींवर विजेच्या मोटारी बसत होत्या आणि पेट्रोलची लहान इंजनं बांधावर, वखारींच्या मागं, गोठ्यांच्या कोपऱ्यात अंगावर कोंबड्या बसवून पडून होती. मी त्यांना घरी आणायचो. खानापूरच्या एका लाकूड अड्ड्यावरून पेट्रोलवर चालणारी करवत आणली. ती दोघांनी धरली तर बघायला उभा असलेला तिसराही हलायचा. निपाणीकडच्या तंबाखूच्या मळ्यातून औषध फवारणीच्या पंपाचं इंजन आणलं. हातात धरायचं एक ड्रिल होतं, वर्षाच्या पोरासारखं जड. लाकडाला भोक पाडायच्या आधी ते धरणाऱ्याला झटका द्यायचं, म्हणजे काम कोण करतंय ते दोघांनाही कळायचं.

या दरबाराचा राजा होता एका सिलिंडरचा. लढाईच्या काळात वायरलेसच्या बॅटऱ्या चार्ज करायला लष्कराने आणलेलं विलायती इंजन. कॅम्पातल्या लिलावातून ते कुणाकुणाच्या हातून फिरत कंग्राळीला पोचलं होतं. मी पाहिलं तेव्हा त्याला म्हैस बांधलेली होती. मी शेतकऱ्याला एक चांगला खुंटा करून दिला आणि राजाला सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी घेऊन आलो.

इंजनं मिळायची, पण त्यांची पुस्तकं मिळायची नाहीत, आणि मला तर पुस्तकांचा जास्त नाद. निपाणीच्या बाजारात एकदा तंबाखूची पुडी घेतली, तर कागदावर कार्बुरेटरचा उभा छेद. मी पुडी तशीच धरून दुकानदाराला म्हटलं, "हे पुस्तक कुठाय?"

"तंबाखू घ्या की. पुस्तक काय चघळणार?"

निम्मं पुस्तक तोवर गावाच्या खिशात गेलं होतं. उरलेलं मी आणलं. त्यात पांढराशुभ्र शर्ट घातलेला एक साहेब तोंडात पाईप धरून एका बोटाने इंजन चालू करताना दाखवलाय. त्या साहेबावर मी फार वर्षं विश्वास ठेवला. आणि आजही कार्बुरेटर म्हटलं की मला आधी शिंक येते.

हे सगळं राहायचं अनगोळातल्या आमच्या घरामागच्या पत्र्याच्या खोलीत. भांडण त्या खोलीवरून झालं. घरी एक म्हैस होती, अण्णाला दुसरी आणायची होती, आणि म्हशीला जागा पाहिजे.

"दसरा झाला की टेम्पो बोलवतो," अण्णा जेवताना म्हणाला. "सगळं फाउंड्रीला जाऊ दे. चांगलं जुनं बीड हाय. भट्टीत लोण्यासारखं इरघळंल."

"अण्णा, ते चालू इंजन आहे."

"चालू? आज किती वर्सं बघतोय, ते बसूनच हाय. तुझ्यापरीस बरं बसतंय."

वहिनी भाकरी वाढत होत्या. त्यांचं काय अडलं होतं ते मला ठाऊक होतं. कडबा कापायचं हाताने फिरवायचं चाकाचं यंत्र आमच्याकडे होतं, आणि तो हात वहिनींचा होता. रोज संध्याकाळी त्या चाक फिरवायच्या. दुसरी म्हैस आली की कडबा दुप्पट, हात तेच. उन्हाळ्यात एकदा त्यांनी मला हळूच विचारलं होतं, "भावजी, तुमचा तो बसका राजा एवढं चाक फिरवंल का?" मी छाती काढून व्हय म्हटलं, लाकडी बैठक केली, पट्टा आणला. अण्णाने पट्टा पाहिला आणि म्हणाला, "हात काय गहाण पडल्यात?" पट्टा खुंटीला गेला.

"दसऱ्यादिवशी सकाळी चालू करून दाखवतो," मी अण्णाला म्हटलं. "न्हाय झालं तर टेम्पोत मी स्वतः चढवतो."

"बघ हां," अण्णा वहिनींना म्हणाला. "तू साक्षीला."

मला काळजी नव्हती. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी दोरी ओढली आणि राजा पहिल्या झटक्यात बोलला. खंडेनवमीला हत्यारांना सुट्टी. त्यांची पूजा करायची आणि हात लावायचा नाही. वहिनींनी विळा, कुऱ्हाड, अण्णाची थापी, माझे पाने, सगळं पाटावर मांडलं, आणि राजाला मधोमध बसवलं. हळद, कुंकू, झेंडूची माळ. आणि मग आमच्या आळीतला कोणताही भाविक करील तेच झालं. नारळ फोडायला दगड शोधण्याऐवजी अण्णाने तो राजाच्या डोक्यावरच फोडला. दोन सरळ भकलं झाली. सगळे खूश. नारळाचं पाणी प्लगवरून ओघळून ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोत उतरलं, आणि मी खोबरं खात बघत बसलो.

दसऱ्याच्या सकाळी आळी जमली. मी त्या साहेबासारखा पांढरा शर्ट घातला होता. पाईप तेवढा नव्हता. दोरी गुंडाळली, आळीकडे एकदा पाहिलं, ओढली. इंजन खोकलंसुद्धा नाही. पुन्हा ओढली. मग शर्ट काढला. मग बनियनवर ओढली. शेजारच्या आक्का म्हणाल्या, "पोराला तरी पाणी द्या गं, इंजनाला काय व्हत न्हाय."

अण्णा नवं धोतर नेसून, टोपी घालून सोनं वाटायला निघाला होता. "बास," तो म्हणाला. "झालं. टेम्पोला सांगतो."

तेव्हा वहिनी बाहेर आल्या. "थांबा जरा. काल ह्याची पूजा केली ना तुम्ही? नारळ कुणी फोडला?"

"मीच."

"मग पुजलेलं लोखंड देवाला न विचारता भट्टीत घालता व्हय? कौल लावा."

आळी अण्णाकडे बघायला लागली. अण्णा फाउंड्रीतला माणूस, पण कौलाबाहेर पाऊल टाकायचा नाही. म्हैस घ्यायची, विहीर खणायची, बहीण द्यायची, सगळं देवळात जाऊन देवाला पाकळ्या चिकटवून विचारायचा. उजवी पडली तर व्हय, डावी पडली तर न्हाय. त्याने टोपी नीट केली. "देवळात गर्दी आसंल आता," तो म्हणाला.

"देवळात कशाला? ज्याचं मरण हाय त्यालाच लावा की. कालपासनं त्यो देवच हाय." वहिनींनी आतून वाटी आणली, झेंडूच्या दोन पाकळ्या राजाच्या दोन बाजूंना चिकटवल्या, आणि हात जोडून बाजूला झाल्या.

अण्णाने चपला काढल्या. "ठेवायचं आसंल तर उजवा दे. भट्टीत घालायचं आसंल तर डावा दे," एवढं म्हणून तो समोर मांडी घालून बसला.

देवळातला कौल कधी कधी तासभर घेतो. ओतीव लोखंड तर ढिम्म हलत नाही. आळीतली पोरं कंटाळून पांगली. वहिनी मला हळूच म्हणाल्या, "भावजी, तुम्ही बसू नका. चूल पेटलीय."

मला तोवर उमगलं होतं. मी प्लग काढला, हुंगला; त्याला नारळाचा वास. मॅग्नेटोचं झाकण उघडलं तर आत तीर्थ. फडक्याने टिपलं, फुंकलं, पुन्हा टिपलं. तेवढ्यात वहिनींनी प्लग चिमट्यात धरून निखाऱ्यावर भाजायला घेतला, एका बाजूने, मग दुसऱ्या. तव्यावर पोळी होतीच.

"तुमच्या अण्णांना कोणतं वाढू आधी?" त्या म्हणाल्या.

तापलेला प्लग मी फडक्यात धरून पळत आणला आणि पाकळ्यांना धक्का न लावता बसवला. अण्णाने डोळे मिटले होते. मी दोरी ओढली.

राजा बोलला. बोलला म्हणजे काय, अंगात आल्यासारखा घुमायला लागला. बैठक थरथरली, झेंडूची माळ उडून आक्कांच्या गळ्याजवळ गेली, आणि धुराड्यात कालपासून साठलेलं हळदकुंकू एका दणक्यात बाहेर येऊन अण्णाच्या नव्या धोतरावर बसलं. उजवी पाकळी त्याच क्षणी खाली पडली.

डावी मात्र पडली नाही. इंजन नाचत होतं, पत्रे वाजत होते, गोठ्यात म्हैस दावं तोडत होती, आणि ती पाकळी आईच्या कमरेला पोर बसावं तशी घट्ट. टाकीतलं पेट्रोल संपलं, इंजन थांबलं, तरी ती तिथेच.

अण्णा उठला. धोतराकडे पाहिलं. पडलेली पाकळी उचलून कपाळाला लावली. "दिला," म्हणाला. "लई जोरात दिला." आणि तसाच लाल-पिवळा होऊन सोनं वाटायला गेला. आळीत लोकांनी विचारलं तर सांगत होता, देवाचा अंगारा हाय.

त्या संध्याकाळी खुंटीवरचा पट्टा खाली आला. राजा फटफटला, कडब्याचं चाक गरगर फिरलं, आणि वहिनी पहिल्यांदाच कमरेवर हात ठेवून कडबा कापताना बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा कामावर निघताना खोलीत डोकावला. मीही मागे होतो. राजा शांत बसला होता, आणि जमिनीपासून त्याच्या डाव्या बाजूपर्यंत मुंग्यांची एक रेघ चढली होती. ती बरोबर त्या न पडलेल्या पाकळीपाशी संपत होती.

अण्णा वाकला. बराच वेळ मुंग्या बघत राहिला. बोटाने पाकळी उचलायचा प्रयत्न केला, बोटाला चिकटली. त्याने बोट जिभेला लावलं.

मग तो स्वयंपाकघराच्या दाराशी गेला. वहिनी भाकरी थापत होत्या. मान वर केली नाही, थापण्याचा वेग मात्र जरा वाढला.

"अगं," अण्णा म्हणाला, "देवाला गूळ लई आवडतो, न्हाय?"

"एका बाजूलाच आवडतो," वहिनी म्हणाल्या.

अण्णा हसला नाही. त्याने डबा घेतला, सायकल काढली, आणि फाटकापाशी थांबून मला हाक मारली. "ऐक रं. टेम्पोवाला आला तर म्हणावं, आमच्याकडं बीड न्हाय."

दुसरी म्हैसही आली, अंगणात बांधली. पुढच्या खंडेनवमीला नारळ दगडावर फुटला. फोडणारा अण्णाच होता. फोडायच्या आधी त्याने राजावर घोंगडं टाकलं.